बेगमी आणि तरतूद : घराच्या सावधगिरीचा थोडा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. मराठीच्या अध्यापिकेने संतकाव्यावर, नाहीतर हैदराबादच्या मराठी वाङ्मयावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र एका अगदी घरगुती गोष्टीवर बोलणार आहे. दुष्काळ, आग, पूर, साथ, भूकंप यांना तोंड देण्यासाठी आपल्या मागच्या पिढ्यांनी घरात काय तयारी ठेवली आणि ती कोठे अपुरी पडली, हा तो विषय. आज त्याला 'आपत्ती व्यवस्थापन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. ते कचेरीतले नाव आहे. घराजवळ यासाठी फार जुने शब्द आहेत, आणि माझा व्यवसाय शब्दांचा असल्यामुळे तेथूनच आरंभ करते.

पहिला शब्द 'बेगमी'. पावसाळ्याची बेगमी, चातुर्मासाची बेगमी, असे आपण सहज म्हणतो. अनेकांना त्यात एखादी बेगम दिसते. तिचा येथे काही संबंध नाही. फारसीतले 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख, चिंता. ज्या घरात वर्षाचे धान्य भरलेले आहे ते घर 'बेगम', म्हणजे निश्चिंत. मनाच्या एका अवस्थेचे नाव मराठीने थेट ज्वारीच्या कणगीला देऊन टाकले. दुसरा शब्द 'तरतूद'. याचे मूळ अरबी 'तरद्दुद' हे आहे. उर्दूत 'तरद्दुद' म्हणजे मनाची घालमेल, काळजी. या शहरातल्या श्रोत्यांना हे मी सांगावे असे नाही. मराठीत येताना त्या शब्दाने काळजी टाकली आणि काळजीपोटी माणूस जी व्यवस्था करतो तिचा अर्थ धरला. हे दोन शब्द शेजारी ठेवले की आपल्या घरांच्या सावधगिरीचा स्वभाव कळू लागतो. आधी घालमेल, मग साठवण, आणि साठवणीनंतर निश्चिंती. या तिसऱ्या पायरीबद्दल मला पुढे काही म्हणायचे आहे.

ही साठवण काय होती, हे साठीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवत असेल. उन्हाळ्यात ज्वारी, गहू, तांदूळ उन्हे दाखवून भरायचे. धान्यात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, कडधान्याला राख. कणगीला आतबाहेर शेणाचे सारवण. पापड, सांडगे, कुरडया आणि लोणची यांचा विचार आज आपण हौसेचे पदार्थ म्हणून करतो. मुळात ती भाजीबाजार बंद पडण्याच्या दिवसांची सोय होती. गोवऱ्या आणि लाकूडफाटा मृगाच्या आत कोरड्या जागी रचायचा. हे सारे बायकांचे काम. त्यामुळे त्याच्या नोंदी दप्तरांत नाहीत. किल्ल्यावर किती खंडी धान्य होते हे आपल्याला कागदपत्रांतून सांगता येते. त्याच काळात एखाद्या कुळकर्ण्याच्या घरात आषाढात किती पायल्या उरल्या होत्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. इतिहासाची ही बाजू आपल्याला शब्दांवरून, वस्तूंवरून आणि घरांच्या बांधणीवरून जुळवावी लागते.

कागदपत्रांत जे सापडते तेही मात्र घराला लागू पडणारे आहे. १६७० च्या दशकातले शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी सांगितले जाते. त्या पत्राचा पुष्कळसा भाग मात्र चक्क बेगमीचा आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला छळू लागाल, असा सरळ हिशेब त्यात आहे. त्यापुढचा मजकूर आगीविषयी आहे. कोणी भलत्याच जागी चूल पेटवील, कोणी वारा न पाहता गवताजवळ तमाखू ओढील. रात्री दिवा तसाच ठेवला तर पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीसकट सगळी छावणी जळेल, अशी ताकीद आहे. एका राज्यकर्त्याच्या पत्रात उंदराने नेलेली वात यावी, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. निजण्यापूर्वी दिवा मालवला का, हे बघण्यासाठी पुन्हा एकदा उठणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ते पत्र कळले असते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हाच विचार पाण्याबद्दल आहे. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. गडावर झरा आहे एवढ्यावर विसंबू नये, असे अमात्य बजावतात. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून राखीव टाकी बांधावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्चू नये. नेहमीचा पुरवठा संकटातही तसाच चालेल असे गृहीत धरू नका, हे त्या सूचनेचे मर्म आहे.

आता पेवाकडे येते. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण निवडणुकीतल्या उमेदवारांबद्दल वापरतो, पण पेव पाहिलेली माणसे आता थोडी राहिली आहेत. मराठवाड्यातल्या गावांत घट्ट जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा खणायचा, तळाला आणि कडेला कडबा लावायचा, त्यात ज्वारी भरायची आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नसल्यामुळे कीड जगत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा नियम लहान मुलांनाही ठाऊक असे. आतल्या कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. दिवा दोराने खाली सोडायचा आणि तो विझला तर थांबायचे. पेव हे दुष्काळाचे उत्तर होते आणि लुटारूंचेही. वरून शेणाने सारवलेल्या अंगणात धान्य कोठे आहे हे परक्याला कळत नसे.

पेवाचा एकच शत्रू, पाणी. येथे माझ्या विषयाचा गाभा येतो. ज्या घराला दुष्काळाची आठवण आहे ते आपली संपत्ती जमिनीखाली नेते. ज्याला पुराची आठवण आहे ते ती माळ्यावर चढवते. प्लेगची आठवण असलेले घर दाराशी गाठोडे तयार ठेवते, कारण त्या संकटात घरच सोडायचे असते. घराची तयारी म्हणजे बहुधा मागच्या संकटाची आठवण असते, आणि पुढचे संकट तसेच येते असे नाही.

हैदराबादने हे १९०८ साली पाहिले. २८ सप्टेंबर, सोमवार. नवरात्र नुकते बसले होते आणि रमजानचाही महिना नुकताच लागला होता. मुसा ही एरवी फार मोठी नदी नव्हे. अनंतगिरीच्या टेकड्यांतून निघून ती शहराच्या मधून जाते, आणि वर्षातले कित्येक महिने तिचे पात्र ओढ्यासारखे दिसे. त्या वेळी शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाला. नदीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक; त्यांतले २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे आणि तोही जाई. हे सर्व तलाव मुळात कशासाठी होते? दुष्काळासाठी! पिढ्यान्‌पिढ्या टंचाईची तरतूद म्हणून अडवलेले पाणी एका रात्रीत शहरावर आले. अफजलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे पूल गेले. १५७८ साली बांधलेला पुराणा पूल तेवढा उभा राहिला. काठच्या वस्त्यांतली मातीच्या भिंतींची घरे पाण्यात विरघळली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे माणसे चढून वाचली. ते झाड अनेक श्रोत्यांनी पाहिले असेल.

माझ्या आजेसासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर चादरघाटच्या अलीकडे, नदीजवळच्या एका गल्लीत होते. त्यांच्या घरात वर्षाचे धान्य भरलेले होते, सारे तळघरात. ते पहिल्या तासात गेले. शेजारच्या खाँसाहेबांच्या दगडी हवेलीच्या माडीवर गल्लीतली चाळीसेक माणसे दोन दिवस बसून होती. माडीवर धान्य नव्हते, पण खाँसाहेबांच्या बेगमसाहेबांनी सहरीसाठी वर आणून ठेवलेले थोडे खाणे होते, आणि आजेसासूबाईंच्या आईने येताना पोह्यांचा डबा उचलला होता. पोह्यांना चूल लागत नाही. वडिलांनी मात्र विहिरीचा दोर आणला होता, आणि त्या दोराने पुढच्या गल्लीतल्या दोघांना पाण्यातून वर ओढून घेतले गेले. १९७२ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मोठ्या आईंच्या माळ्यावर एक नारळी दोराचे वेटोळे, मेणकापडात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, पोह्यांचा बंद डबा आणि जमिनीच्या कागदांची पत्र्याची पेटी होती. दर मृगापूर्वी दोर ताणून पाहायचा आणि पोहे बदलायचे. नदीवर धरणे होऊन तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती. आम्हा सुनांना या सोहळ्याचे नवल वाटे, पण मोठ्या आईंना विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

त्याच पेटीच्या तळाशी एका जुन्या गोधडीचा तुकडा होता. १९४७-४८ च्या धामधुमीत मराठवाड्यातली अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली, तेव्हा बायकांनी दागिने गोधडीत शिवून नेले होते. तो तुकडा त्या प्रवासाचा. एका पेटीत दोन संकटांची तयारी अशी एकावर एक पडलेली होती.

महापुरानंतर १९०९ साली निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. तलावांची ती मोजणी त्यांच्याच तपासणीतली. शहराच्या वर पूर अडवणारे जलाशय बांधावेत, ही त्यांची योजना. त्याप्रमाणे मुसावर उस्मानसागर १९२० साली आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. दरम्यान १९११ मध्ये प्लेग आला आणि १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. काठच्या दाट वस्त्या हलल्या, रस्ते रुंद झाले. हे काम थोर होते यात मला तिळमात्र शंका नाही. त्या धरणांनी शहराला पिण्याचे पाणी दिले आणि कितीतरी पूर अंगावर घेतले. पण इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या काळापासून सावधगिरी घरातून उठून धरणावर गेली. पुराची काळजी आता सरकारची झाली, आणि घराने दोर विकून टाकला. निश्चिंती, म्हणजे बेगमी, आता कणगीत नव्हती. ती गंडीपेटच्या भिंतीत होती.

प्लेगबद्दल दोनच वाक्ये. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे लोकांनी सरकारी हुकमाआधीच शिकून घेतले होते. भरलेले घर तेथे उपयोगाचे नव्हते, उलट धान्याच्या कणग्याच उंदरांना बोलावीत.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते आणि थकलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. माझ्या वर्गात त्या भागातून आलेली मुले असत. त्या दिवाळीत काही विद्यार्थ्यांबरोबर मी सास्तूरला गेले होते. तेथे जे पाहिले त्याने या विषयाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

ती घरे निष्काळजी माणसांची नव्हती. उलट इतकी सावधगिरीने बांधलेली घरे क्वचित सापडतील. काळ्या दगडांच्या अडीच-तीन फूट रुंद भिंती, मातीत रचलेल्या. चोराने सहज फोडू नये आणि वैशाखाचे ऊन आत येऊ नये म्हणून. खिडक्या नाहीत किंवा उंच आणि लहान. वर गवताऐवजी मातीचे माळवद, आगीला भीक न घालणारे. हे माळवद पावसात गळू नये म्हणून दरवर्षी मृगापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा. एका आजींनी पडलेल्या छपराच्या मातीतले थर मला बोटाने दाखवले: हा धाकट्या दिराच्या लग्नाच्या साली, हा सासरे गेले त्या साली. दरवर्षीचा तो थर म्हणजे पावसाळ्याची तरतूद होती, आणि तीच तरतूद साठत साठत दोन-दोन फूट ओझे होऊन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर होती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेले नव्हते. त्यामुळे धक्का बसताच भिंतीची दोन तोंडे सुटली आणि घर आतल्या आत कोसळले. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण भक्कम होते. तेथे भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर तोलून राहिले आणि खाली माणसे वाचली.

सूचना मिळाली नव्हती असेही नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते आणि लोक कित्येक रात्री अंगणात निजले होते. मग धक्के थांबले. थंडी आली, सुगी आली आणि माणसे पुन्हा आत निजू लागली. याबद्दल त्यांना दोष देणे मला जमत नाही. शेतकऱ्याने भिंती उतरवून पुन्हा बांधायच्या कशाच्या बळावर? भूकंपाच्या अभ्यासकांनीही दख्खनचे पठार फारसे धोक्याचे मानले नव्हते. त्या भूकंपानंतर देशाच्या भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्याने काढावा लागला. जुन्या घरांसाठी तज्ज्ञांनी पुढे जे सुचवले ते अगदी घरगुती होते: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, कोपरे बांधून घ्या. दोनशे वर्षे वर चढवलेली माती आता खाली उतरवायची होती. एखाद्या संस्काराच्या विरुद्ध वागण्याइतके ते कठीण होते.

हैदराबादकडे परत येते. ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा १३-१४ ऑक्टोबर २०२० ला शहर बुडाले, तेव्हा नवल वाटावे असे एकच होते. कित्येक ठिकाणी पाणी नदीकाठच्या वस्तीत नव्हे, तर तलावांच्या पोटात उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींत शिरले. २०२० मध्ये पल्ले चेरुवू, गुर्रम चेरुवू फुटले. १९०९ च्या तपासणीत मोजलेले तलाव आपण बुजवले, आणि पावसाला ते बुजवल्याचे कोणी कळवले नाही. दोन धरणे शहराच्या वर आहेत. शहराच्या आत पडणाऱ्या पावसाचे ती काय करणार? अंगणे गेली, माळे गेले, तळमजल्याला मोटारींचा मुक्काम आला. धान्य पंधरवड्याच्या हिशेबाने पुडीतून येऊ लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली त्या आठवड्यात दुकानांपुढे ज्या रांगा लागल्या त्यांत माझ्या ओळखीची बरीच सुशिक्षित घरे होती. तहान लागल्यावर विहीर खणणे यापेक्षा वेगळे काय असते?

मला कोणी विचारते, मग घराने काय ठेवावे? मी स्थापत्यतज्ज्ञ नाही, पण जुन्या घरांकडे बघून एवढे सांगता येते. आपले घर कोणत्या संकटाच्या वाटेवर आहे हे आधी पाहावे: तलावाच्या पोटात आहे का, नाल्याच्या काठी आहे का, वर ओझे काय आहे, दार कोणीकडे उघडते. चूल न पेटवता खाता येईल असे दोन-तीन दिवसांचे अन्न, झाकलेले पिण्याचे पाणी, रोजची औषधे, विजेरी, कागदांच्या नकला. हे सारे एका पिशवीत आणि उंचावर. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार हे आधी ठरलेले असावे. आणि शेजारच्याची माडी आपल्याला उघडी आहे ना, याची ओळख ठेवावी. १९०८ साली ती ओळख कामी आली. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असे आपण हसून म्हणतो, पण दाटीच्या गल्लीत बंब पोचेपर्यंतची पहिली पंधरा मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात.

शेवटी माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपल्या घरांत आजी-पणजींच्या वह्या असतील. वर्षाच्या भरणीच्या याद्या, कोणत्या साली किती ज्वारी भरली, कोणत्या महिन्यात संपली, पुरात काय गेले, प्लेगात कोठे राहिलो, अशा नोंदी त्यांत असतात. मोडीत असल्या तर त्या वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. मागल्या वर्षी अशी एक वही मला एका विद्यार्थिनीने दिली. तिच्या शेवटच्या पानावर दोराची लांबी हातांत लिहिलेली आहे. अशा वह्या ठेवून घेण्याची तयारी शाळेने दाखवली आहे. मोडी वाचणारे आम्ही चौघे-पाच जण अजून या शहरात आहोत. वह्या लवकर आणाव्यात.